मराठी आणि तेलुगू : तुलना कशी करावी?

दोन भाषांची तुलना हा केवळ विद्वज्जनांचा विषय आहे असा एक समज आहे. परंतु हैदराबादसारख्या बहुभाषी नगरात ही तुलना रोज चाललेली असते. ती भाजीबाजारात चालते, शाळेच्या फाटकाशी चालते आणि कीर्तन संपल्यावर देवळाच्या ओसरीवरही चालते. कोणती भाषा गोड आणि कोणती राकट, कोणत्या भाषेला वाङ्मय आहे आणि कोणती नुसतीच बोली आहे, याचे निकाल आम्ही मंडळी फार लवकर देऊन मोकळे होतो. हे निकाल देण्याची आमची रीतच एकदा तपासून पाहावी, एवढ्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. उदाहरणासाठी मराठी आणि तेलुगू या दोन भाषा घेतल्या आहेत, कारण या नगरातील मराठी घराला शेजार आहे तो मुख्यतः तेलुगूचा. आणि प्रारंभ अशा एका प्रसंगापासून करीत आहोत की, जो तेलुगू माणूस विसरलेला नाही आणि मराठी माणसास बहुधा ठाऊकच नाही.

सन 1921 च्या नोव्हेंबर महिन्यात हैदराबाद येथे संस्थानातील सामाजिक सुधारणेची परिषद भरली होती. सभास्थान विवेकवर्धिनीचे होते आणि अध्यक्षस्थानी महर्षी अण्णासाहेब कर्वे होते. स्त्रीशिक्षणासाठी ज्याने आपला देह झिजविला अशा पुरुषाच्या अध्यक्षतेखाली, सुधारणेची चाड असलेल्या सुशिक्षितांची ती सभा होती. इतर भाषांतील भाषणे श्रोत्यांनी ऐकून घेतली. पुढे आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे एक वकील बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत आरंभ केला. तो होताच सभेत हशा पिकला, गलका झाला आणि वक्त्याला बोलणे अशक्य झाले. गलका करणाऱ्यांत मराठी श्रोते प्रमुख होते, असेच त्या प्रसंगाचे वृत्त तेलुगू चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आता त्या हशाकडे थोडे शांतपणे पाहिले पाहिजे. त्या वेळी निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. लोकसंख्येत तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते आणि मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे ज्या भाषेला हसण्यात आले ती त्या राज्यातील सर्वांत अधिक लोकांची भाषा होती. बरे, हसणाऱ्यांच्या भाषेला तरी राजदरबारी काही मान होता काय? तोही नव्हता. कचेरीची भाषा उर्दू होती आणि सन 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जात होते. राज्यकारभाराच्या दृष्टीने मराठी आणि तेलुगू या दोघीही उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. उंबऱ्याबाहेरच्या एकीने दुसरीच्या वस्त्राला नावे ठेवावीत, त्यातला हा प्रकार होता.

तथापि हसणारे लोक दुष्ट होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्यांच्या पाठीशी पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे होती, शाळा होत्या, टिळक-आगरकरांच्या लेखनाचा संस्कार होता. त्यांच्या कानावर तेलुगू पडे ती बाजारात, शेतावर, गडीमाणसांच्या तोंडून. त्यामुळे ज्या भाषेत विचार होतो ती आपली आणि ज्या भाषेत कामे सांगितली जातात ती यांची, अशी एक वाटणी त्यांच्या मनात नकळत होऊन बसली होती. भाषेची तुलना म्हणून आपण जे करतो ते पुष्कळदा बोलणाऱ्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेचे मोजमाप असते आणि भाषा त्यात फुकट बदनाम होते. 1921 चा प्रसंग हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय.

त्या हशाचे फळ मात्र मोठे निघाले. माडपाटी हनुमंतराव आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. सुरवरम प्रतापरेड्डी यांनी सन 1926 मध्ये 'गोलकोंडा पत्रिका' काढली. सन 1930 मध्ये जोगीपेट येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन प्रतापरेड्डींच्याच अध्यक्षतेखाली भरले. पुढे तेलंगणात कवीच नाहीत असा आक्षेप कोणी घेतला, तेव्हा प्रतापरेड्डींनी त्यावर वाद घालीत न बसता सन 1934 मध्ये साडेतीनशेहून अधिक तेलंगणी कवींचा परिचय देणारा 'गोलकोंडा कवुल संचिका' हा ग्रंथच लोकांपुढे ठेवला. उपहासाला उत्तर म्हणून ग्रंथ देणे ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

येथवर इतिहास झाला. आता प्रत्यक्ष भाषांकडे वळू आणि हसणारा ज्या भाषेला हसला ती त्याच्या स्वतःच्या भाषेपासून खरोखर किती दूर होती ते पाहू.

प्रथम उच्चार घेऊ. मराठीत 'चिमणी'तला च आणि 'चाक'मधला च हे लिहिण्यात एक असले तरी बोलण्यात निराळे आहेत. एक तालव्य, तर दुसरा दंत्याकडे झुकणारा. हिंदी बोलणाऱ्यास हा भेद सहसा साधत नाही. तेलुगू माणसास तो शिकवावा लागत नाही, कारण त्याच्या भाषेत नेमकी हीच व्यवस्था आहे. इ-एच्या आधीचा च तालव्य, आणि अ-आ-उ-ओच्या आधीचा, जसे 'पुरे' या अर्थाच्या 'चालु' या शब्दातला, आपल्या 'चाक'सारखा. ज या वर्णाचेही तसेच. ळ हा वर्ण तर दोघींच्या अंगणातला आहेच.

उच्चारापेक्षा नकाराची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. घरातले तूप संपले तर आम्ही म्हणतो, 'घरात तूप नाही.' कोणी डालडा पुढे केला तर म्हणतो, 'हे तूप नव्हे.' आणि वैद्याने पथ्य सांगितले असेल तर पानावर म्हणतो, 'तूप नको.' तीन निरनिराळ्या नकारांसाठी तीन निरनिराळे शब्द. हिंदीत या तिन्ही ठिकाणी 'नहीं' या एकाच शब्दावर काम भागवितात. तेलुगूत मात्र पहिल्या ठिकाणी 'लेदु', दुसऱ्या ठिकाणी 'कादु' आणि तिसऱ्या ठिकाणी 'वद्दु'. शब्द सर्वस्वी निराळे, पण विचाराचे कप्पे तंतोतंत तेच. कोंकणी वाचकांनी तर आपल्याच घरात पाहावे : 'घरांत तूप ना', 'हें तूप न्हय', 'तूप नाका'. मराठी, कोंकणी आणि तेलुगू या तिघींना 'नसणे', 'ते नसणे' आणि 'नकोसे असणे' या तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. आमचा तो 'नको' हैदराबादच्या दख्खनीने 'नक्को' करून इतका आपलासा केला आहे की, आज या शहराची बोली त्या एका शब्दावरून ओळखली जाते. उलट हल्लीच्या शहरी मराठीत 'नव्हे' हा शब्द मागे पडत चालला आहे आणि सर्वत्र 'नाही'च ऐकू येतो. शेजारणीने जपलेला कप्पा आपल्या घरातून नाहीसा होतो आहे, हे आम्हांस चिंतेचे वाटते.

वाक्याच्या बांधणीकडे पाहू. 'उद्या येतो म्हणून त्याने सांगितले' असे आपण म्हणतो. येथे बोललेले शब्द आधी येतात, मागून 'म्हणून' येते, आणि मग सांगण्याचे क्रियापद. तेलुगूत 'रेपु वस्तानु अनि चेप्पाडु' असे म्हणतात. 'रेपु' म्हणजे उद्या, 'वस्तानु' म्हणजे येतो, 'अनि' म्हणजे म्हणून, 'चेप्पाडु' म्हणजे त्याने सांगितले. आणि जसे आपले 'म्हणून' हे 'म्हणणे' या धातूपासून आले, तसेच त्यांचे 'अनि' हे 'अनु' म्हणजे म्हणणे या धातूपासून आले आहे. कोंकणीत याच जागी 'म्हण' बसतो. दख्खनीने 'बोलके' हा शब्द घडवून तेच काम साधले. 'मी काल पाहिलेला माणूस' या मराठी शब्दसमूहातील एकेक शब्द उचलून त्या जागी तेलुगू शब्द ठेवीत गेलो, तर 'नेनु निन्न चूसिन मनिषि' असे शुद्ध तेलुगू तयार होते. क्रम कोठेही बदलावा लागत नाही.

आणि एक गोष्ट. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन निराळे शब्द आहेत. 'आम्ही देवळात जात आहोत' असे म्हटले की ऐकणारा मागे राहतो. 'आपण देवळात जाऊ' म्हटले की तो बरोबर येतो. संस्कृतात हा भेद नाही आणि प्रमाण हिंदीच्या 'हम'मध्येही तो नाही. तेलुगूत तो आहे : ऐकणाऱ्याला वगळून 'मेमु', त्याला धरून 'मनमु'. इतका सूक्ष्म, सामाजिक व्यवहाराच्या मुळाशी असलेला भेद दोन भाषांत सारखा असावा, यावरून त्या बोलणाऱ्यांचा सहवास किती जुना आणि किती घरोब्याचा असला पाहिजे याची कल्पना यावी.

घरोब्याचा शब्द निघाला म्हणून नात्यांविषयीही दोन शब्द लिहितो. मराठी घरात आत्या म्हणजे वडिलांची बहीण. पण जुन्या वळणाच्या घरांतून सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत असे, हे वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. असे का? तेलुगूत 'अत्त' म्हणजे आत्याही आणि सासूही. 'माम' म्हणजे मामाही आणि सासराही. जेथे मामाच्या अथवा आत्याच्या घरी सोयरीक होण्याची चाल आहे तेथे एकच शब्द दोन्ही नात्यांना पुरतो. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातही पुष्कळ ठिकाणी होती. म्हणून ती संबोधने आपल्या घरात टिकून राहिली. अक्का आणि अण्णा हे शब्द तर तेलुगू आणि कन्नड घरांतही थोरल्या बहीणभावांचेच. इरावतीबाई कर्वे यांनी सन 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात, महाराष्ट्राची नातेव्यवस्था ही उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यातली आहे, दोहोंचे रंग तिच्यात मिसळले आहेत, असे दाखवून दिले. या इरावतीबाई म्हणजे महर्षी कर्व्यांच्या स्नुषा. ज्या सभेत तेलुगूला हसण्यात आले तिच्या अध्यक्षांना सारा महाराष्ट्र 'अण्णा' या नावाने हाक मारी, तो शब्दही तेलुगू घरातला, आणि त्यांच्याच सुनेने पुढे या शेजारसंबंधाची शास्त्रीय मांडणी केली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एवढ्या साम्यावरून मराठी ही मूळची द्रविड भाषा आहे असे अनुमान काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. मराठीचे धातू, तिची सर्वनामे, तिच्या संख्या यांचा वंश संस्कृत-प्राकृताचा आहे. तेलुगूचा वंश द्रविड आहे, तिने संस्कृत शब्द कितीही स्वीकारले तरी. भेदही ठळक आहेत. मराठीत 'तो आला, ती आली, ते आले' असे तीन लिंगांचे तीन रूपविशेष होतात. तेलुगूत 'तो आला' याला 'वच्चाडु', परंतु 'ती आली' आणि 'ते आले' या दोहोंना एकच 'वच्चिंदि'. स्त्री आणि वस्तू यांना एकच क्रियापद कसे, म्हणून येथेही कोणी नाक मुरडील. पण तिथे आदराचे बहुवचन वापरले की स्त्री-पुरुष दोघांनाही 'वच्चारु' हे एकच सन्मानाचे रूप मिळते, आणि मराठीत आदर दाखवितानाही 'ते आले', 'त्या आल्या' असा भेद राहतोच, याला काय म्हणावे? व्याकरणावरून कोणाच्या संस्कृतीचा न्यायनिवाडा करू नये, हेच खरे.

सारांश, भाषांना जन्माचे नाते असते तसेच शेजाराचेही असते आणि दुसरे नाते पहिल्याहून कमी खरे नसते. एमेनो या अभ्यासकाने सन 1956 मध्ये, निरनिराळ्या कुळांतील भाषा एका भूमीवर दीर्घकाळ नांदल्या म्हणजे त्यांचे स्वभाव कसे जुळत जातात हे भारताच्याच उदाहरणाने मांडले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांची वाक्यरचना शेजारामुळे किती एकरूप झाली आहे, याचा गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील माणसे घरी आपापली भाषा बोलतात, बाहेर दुसऱ्याची बोलतात, आणि दोहोंचा सांगाडा मात्र एकच होऊन गेला आहे. कुपवाडात जे घडले ते गोदावरीच्या खोऱ्यात त्याहून कितीतरी आधीपासून घडत आले असले पाहिजे.

त्या खोऱ्यातला सर्वांत जुना वाङ्मयीन पुरावा म्हणजे पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातील हा ग्रंथ मराठी आपला पूर्वजठेवा मानते. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी केलेल्या मांडणीतही या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान होते. तेलुगूस तो दर्जा 2008 साली मिळाला. आणि तेलुगूचे अभ्यासकही याच गाथांकडे बोट दाखवून 'अत्त', 'पोट्ट', 'पिल्ल' यांसारखे आपले शब्द त्यात आढळतात असे सांगतात. आमची आत्या, आमचे पोट आणि आमचे पिल्लू हेच ते शब्द! एकाच ग्रंथावर दोन घरांनी वारसा सांगितला म्हणून फिर्याद गुदरण्याचे कारण नाही. ज्या गावात तो ग्रंथ झाला त्या गावी दोन्ही घरांची माणसे ये-जा करीत होती, एवढाच त्याचा अर्थ.

तुलनेची चुकीची रीत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. थोडे दूर, हिमालयाच्या पायथ्याकडे पाहिले तर हाच प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. भूतानची झोंगखा आणि मिथिलेची मैथिली या दोन भाषा नकाशावर फारशा दूर नाहीत. पण मधे उत्तर बंगाल आणि सिक्कीम आल्यामुळे मराठी-तेलुगूसारखा त्यांचा शेजार जुळला नाही, आणि वंशही निराळे. झोंगखा तिबेटीची आप्त, मैथिली बंगालीची. झोंगखा म्हणजे 'झोंग'ची, अर्थात किल्ल्याची भाषा. तिबेटी लिपीत ती लिहितात, परंतु शतकानुशतके तेथे धर्मग्रंथ आणि राजपत्रे लिहिली गेली ती अभिजात तिबेटीत. 1971 साली झोंगखा भूतानची राष्ट्रभाषा झाली. मैथिलीस विद्यापतीसारखा कवी सहाशे वर्षांपूर्वी लाभला. त्याच्या पदांच्या प्रभावातून बंगालात व्रजबुली नावाची एक काव्यभाषाच निर्माण झाली. तरीही मैथिली ही हिंदीची बोली म्हणूनच मोजली जात होती. साहित्य अकादमीची मान्यता तिला 1965 साली मिळाली, आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश करणारी घटनादुरुस्ती 2003 साली झाली. आता या दोहोंत मोठी कोणती? राज्याच्या गजाने मोजाल तर झोंगखा, काव्याच्या गजाने मोजाल तर मैथिली. गज बदलला की निकाल बदलतो. म्हणजेच दोष भाषांत नाही, निकालाच्या घाईत आहे.

मैथिलीची ही हकिगत वाचताना या मासिकाच्या कोंकणी वाचकांस आपल्या घरचेच काही आठवेल, आणि मराठी वाचकांस थोडे अवघडल्यासारखे होईल. कोंकणी ही मराठीची बोली आहे, असे आम्ही मराठी माणसांनी किती वर्षे आणि किती ठासून सांगितले! सु. मं. कत्रे यांनी 1942 साली कोंकणीच्या घडणीवर शास्त्रीय ग्रंथ लिहिला, तरी वाद शमला नाही. कोंकणीस साहित्य अकादमीची मान्यता 1975 मध्ये मिळाली, गोव्यात राजभाषेचा मान 1987 मध्ये आणि आठव्या परिशिष्टात स्थान 1992 मध्ये. तेलुगूला 'परकी' म्हणून हसणे आणि कोंकणीला 'आमचीच' म्हणून गिळणे, या दोन निराळ्या वृत्ती भासल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्हींत समोरच्याचे बोलणे त्याच्या अटीवर ऐकून घेण्याची तयारी नाही.

ऐकणे म्हणजे काय, हे वाङ्मयाच्या एका उदाहरणाने स्पष्ट करतो. भागवत हा ग्रंथ देवळादेवळांतून वाचला जातो. तो देशी भाषेत आणण्याचे कार्य पूर्वीच्या हैदराबाद संस्थानच्या भूमीवर दोघा थोर पुरुषांनी केले. पंधराव्या शतकात वरंगळच्या परिसरातील बम्मेर गावच्या पोतनामात्याने ते तेलुगूत आणले. पुढल्या शतकात पैठणच्या एकनाथांनी एकादश स्कंधावर ओवीबद्ध टीका रचली, ती सन 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली. पोतनाने आपला ग्रंथ राजाला अर्पण करण्याचे नाकारून श्रीरामाला वाहिला, अशी कथा तेलुगू घरांत सांगतात. काशीच्या पंडितांनी नाथांच्या प्राकृत ग्रंथास आक्षेप घेतला आणि अखेरीस त्याचाच गौरव केला, अशी आमच्याकडे सांगतात. एकाने राजसत्तेपुढे आणि दुसऱ्याने पांडित्यापुढे आपल्या भाषेची मान ताठ ठेवली, असा या दोन आख्यायिकांचा भाव आहे.

पण नाथांच्या ओवीवर वाढलेला मराठी कान पोतनाच्या पद्याकडे वळला की प्रथम गोंधळतो. ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते; कान शेवटाची वाट पाहतो. तेलुगू पद्यात यमकाची जागा चरणाच्या आरंभी आहे. प्रत्येक चरणातील दुसरे अक्षर एकाच व्यंजनाचे असावे, याला तेथे 'प्रास' म्हणतात. आणि चरणाच्या मध्ये ठरावीक ठिकाणी पहिल्या अक्षराशी मैत्री असलेले अक्षर यावे, याला 'यति' म्हणतात. जो शेवटी कान लावून बसला त्याला तेलुगू पद्यात काहीच जुळत नाही असे वाटेल. जो आरंभाकडे कान देईल त्याला घंटेमागून घंटा वाजल्यासारखी ऐकू येईल. नाथांची रीत निरूपणाची आहे. ते श्रोत्याला समोर बसवून, घरगुती दृष्टान्त देत, एकेका श्लोकाचा अर्थ उलगडीत जातात. पोतनाची रीत नादाची आणि चित्राची आहे. गजेंद्राची हाक ऐकून विष्णू वैकुंठाहून धावत निघतो तो प्रसंग त्याच्या पद्यांतून ऐकताना अर्थ कळण्याआधीच धाव कळते. यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. ज्या एकादश स्कंधावर नाथांनी आपली सारी प्रतिभा ओतली, तो तेलुगू भागवतात पोतनाच्या हातचा नाही. तो वेलिगंदल नारय्याने रचलेला आहे. उलट गजेंद्र आणि प्रल्हाद यांची जी आख्याने पोतनाने अजरामर केली ती नाथांच्या टीकेच्या कक्षेबाहेरची. म्हणजे जणू एकाच ग्रंथाची दोन निरनिराळी दालने दोन शेजाऱ्यांनी उजळली आहेत, आणि एकाला दुसऱ्याच्या दालनात जाण्याची वाट माहीत नाही.

वाट नव्हतीच असे नाही. तंजावरचे भोसले राजे मराठी होते, पण त्यांच्या दरबारात तेलुगूला मानाचे पान होते. शाहजी राजाने तर स्वतः तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे यक्षगान रचले. मराठी कीर्तनकारांच्या साक्या, दिंड्या आणि ओव्या त्या दरबाराच्या मार्गाने दक्षिणेच्या हरिकथेत शिरल्या आणि तेथे रुळल्या. अलीकडच्या काळात तेलंगणाचे सुपुत्र पी. व्ही. नरसिंहराव यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'अबला जीवितमु' या नावाने तेलुगूत नेली. पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेल्या पुरुषाने मराठी विधवेचे दुःख आपल्या भाषेतील स्त्रियांना वाचावयास दिले. त्याच तोलाचे किती तेलुगू ग्रंथ आम्ही मराठीत आणले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. आम्हांस तो समाधानकारक वाटत नाही.

1956 च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा गेला, आणि या नगरात राहिलेली मराठी मंडळी अल्पसंख्य झाली. 2014 पासून हे नगर तेलंगणाची राजधानी आहे आणि 2018 च्या कायद्याने येथील शाळांत तेलुगू शिकणे आवश्यक झाले आहे. म्हणजे मराठी आणि कोंकणी घरांतली मुले तेलुगू लिपी वाचू लागली आहेत. काही पालक याकडे ओझे म्हणून पाहतात आणि तशी कुरकुर देवळाच्या ओसरीवर आमच्याही कानी येते. मुलांवर अनेक भाषांचा भार पडतो हे खोटे नाही. परंतु 1921 च्या त्या सभेतील श्रोत्यांना जे येत नव्हते ते आज आपल्या नातवंडांना येत आहे, ही गोष्टही खोटी नाही. आजची मराठी माणसे या नगरात आपल्या शाळांसाठी, ग्रंथालयांसाठी आणि कार्यक्रमांसाठी इतरांनी आस्था दाखवावी अशी अपेक्षा करतात, आणि ती रास्तच आहे. पण आपले बोलणे ऐकून घ्या असे म्हणण्याचा अधिकार, दुसऱ्याचे ऐकून घेतल्यानेच बळकट होतो.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. येत्या चातुर्मासात जेथे एकनाथी भागवताचे वाचन होईल, तेथे एक सायंकाळ पोतनाच्या गजेंद्रमोक्षासाठी राखून ठेवावी. शेजारच्या एखाद्या तेलुगू गृहस्थास अथवा गृहिणीस सन्मानाने बोलवावे आणि पद्ये मूळ तेलुगूतच म्हणावयास सांगावी. घरातील शाळकरी मुलाने त्यांचा अर्थ मराठीत आणि कोंकणीत सांगावा. वक्ता तेलुगूत आरंभ करील तेव्हा सभेने स्वस्थ बसून ऐकावे. या लेखात आतापर्यंत आम्ही 'आम्ही' म्हणत आलो, ती संपादकीय रूढी झाली. त्या सायंकाळी मात्र 'आपण' म्हणता येईल, आणि समोरचा पाहुणा त्याला आपल्या भाषेत 'मनमु' म्हणेल.